चाव्यांचं तबक

नजर मास्तरांच्या पेन्सिलीवर ठेवायची, एवढंच मला सांगितलं होतं. पेन्सिल आडवी असली की खालचे सूर, लांब, धरून ठेवलेले. उभी झाली की उजव्या हाताने हळूहळू वर चढायचं. आणि ती त्यांच्या कानामागे गेली की समजायचं, लोक जागेवरून उठले, काम झालं.

"आणि मुख्य म्हणजे," मास्तर म्हणाले, "तू वाजवतेयस हे कुणाला कळता कामा नये. भाजीतलं मीठ कधी कळतं? नसलं की."

मास्तर म्हणजे ख्रिस्ती मंडळ्यांच्या नेतृत्व परिषदेच्या वाद्यवृंदाचे प्रमुख. त्यांचा नेहमीचा कीबोर्डवाला मनगट मोडून घरी बसला होता, आणि माझ्या आईने मला न विचारता "आमची पोरगी वाजवते की" असं सांगून टाकलं होतं. मी भौतिकशास्त्राची पदवीधर. नोकरी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. दुकानातला, दवाखान्यातला, सोनाराचा, कुठलाही काटा आमच्याकडे आला की त्यावर आम्ही खात्रीची वजनं ठेवतो आणि तो किती खोटं बोलतो ते सांगतो. कीबोर्ड मी वाजवते तो फक्त रविवारी, आमच्या मंडळीत.

आमची मंडळी लहान. पूर्वी जिथे नाचाचा वर्ग भरायचा त्या हॉलमध्ये आम्ही उपासनेला जमतो. एका भिंतीला वरपासून खालपर्यंत आरसा आहे. आधीच्या पाळकांनी त्याच्यावर पडदा लावला होता. ते दुसरीकडे गेले, नवे कुणी मिळेनात, आणि लोक आईला म्हणाले, तोवर तुम्हीच बघा. तो 'तोवर' काही संपला नाही. आईचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर ती लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलत विचारत असते, "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?" मंडळीची जबाबदारी आल्यावर तिने पहिलं काम केलं ते पडदा काढायचं. "प्रार्थना करताना आपलं तोंड कसं होतं ते बघून घ्या," म्हणाली. "देव बिचारा रोजच बघतो." तेव्हापासून आमच्याकडच्या प्रार्थना आटोपशीर असतात.

त्या हॉलची चावी आईच्या पर्समध्ये असते, आणि या परिषदेला येताना ती मुद्दाम आणायची होती. तसा निरोपच होता. शेवटच्या दिवशी समर्पणाची सभा. प्रत्येक मंडळीच्या प्रमुखाने आपल्या प्रार्थनागृहाची चावी आणायची आणि व्यासपीठासमोरच्या पितळी तबकात ठेवायची.

"प्रतीक असतं रे ते," आईने गाडीत मामाला समजावलं.

मामा गाडी चालवत होता. तो उपासनेला फारसा येत नाही, पण बहिणीला कुठे सोडायचं असलं की सगळं टाकून येतो. "हो का? मग प्रतीक म्हणून माझ्या गाडीची चावी ठेव. बघू परत कधी देतात."

"तुला प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसतं."

"मग चष्मा दे की बदलून. दुकान तुझंच आहे."

आई हसली, पण पर्सवरचा हात तिने काढला नाही. तो हात मी सारखी बघत होते. मामाची शंका हवेतली नव्हती. कालव्यापलीकडच्या मंडळीने गेल्या वर्षी अशीच चावी तबकात ठेवली होती. आता तिथे रविवारी एक मोठा पडदा उजळतो आणि त्यावर परिषदेच्या मोठ्या पाळकांचं प्रवचन दिसतं. एक दर्शन, एक आवाज, असं त्या योजनेचं नाव. चांगल्या खुर्च्या आल्या, पंखे आले, भाड्याची कटकट मिटली. तिथले प्रमुख, ज्यांना आम्ही कालव्याचे काका म्हणतो, ते आम्हाला परिषदेच्या दारातच भेटले. अंगावर नारिंगी जाकीट, हातात शिट्टी. गाड्या लावून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं.

"आराम आहे बघा, ताई," ते आईला म्हणाले. "शनिवारी प्रवचनाची तयारी नाही, काही नाही." मग मामाला मागे-मागे घ्यायला सांगत मधेच म्हणाले, "फक्त रविवारी कुठे बसायचं ते कळत नाही. मी पुढे असायचो ना नेहमी. आता पडद्यासमोर बसलं तर मागच्यांना दिसत नाही."

आई थकली होती, हेही खरं. गुडघे बोलायला लागले होते. दुकान बंद करून आजाऱ्यांच्या घरी जायचं, हॉलच्या मालकाची समजूत काढायची, कुणाचं लग्न मोडलं तर दोन्हीकडच्यांचं ऐकून घ्यायचं. ती चावी द्यायला निघाली असती तर तिला मूर्ख म्हणायचा मला काही अधिकार नव्हता. पण त्या हॉलमध्ये मी लहानाची मोठी झाले होते. चावी गेली तर आरशासमोर तो पडदा येणार होता, आणि या वेळी तो कुणी काढू शकणार नव्हतं.

परिषद वाईट होती असं मी म्हणणार नाही. पहिल्याच दिवशी मी पुष्कळ शिकले, आणि त्यातलं काही खरोखर देवाबद्दल होतं.

सकाळच्या सभेत मोठे पाळक बोलले. आवाज असा की हिवाळ्यात अंगावर घ्यावा. ते शेवटी डोळे मिटून म्हणाले, "ज्यांना आज प्रभूने स्पर्श केला आहे, त्यांनी हात वर करावा," आणि मास्तरांची पेन्सिल उभी झाली. मी वर चढले. वाऱ्यावर शेत हलावं तसे हात वर गेले. माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, मी काहीतरी पवित्र गोष्टीच्या आत बसले आहे.

त्यानंतर एक म्हाताऱ्या बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्या तुरुंगातल्या बायकांकडे जाऊन त्यांच्याबरोबर प्रार्थना करायच्या, इतकीच त्यांची ओळख करून दिली गेली. मी मघासारखेच खालचे सूर धरले. दोन वाक्यं बोलून त्या थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"बाळ, जरा थांबतेस? मला माझंच ऐकू येईना."

लोक हसले. मी हात काढले. मास्तरांनी पेन्सिल खिशात घातली.

बाई बोलत राहिल्या, मधूनमधून अडखळत. एक वाक्य मला पाठ झालं: "पुढारी म्हणजे दार उघडणारा माणूस. उघडून झालं की त्याने बाजूला व्हावं, दारात उभं राहू नये." मग त्यांनी प्रार्थना केली आणि गप्प बसल्या. कुणी हात वर केला नाही, कुणी पुढे आलं नाही. पण कुणी चहालाही उठलं नाही. त्या शांततेत मी माझी स्वतःची प्रार्थना केली. कितीतरी दिवसांत केली नव्हती. इतरांच्या प्रार्थनांना साथ देता देता माझी राहूनच गेली होती. शब्द सुचत नव्हते, म्हणून म्हटलं, मी इथे आहे. आणि मला उत्तर आलं असं नाही, पण ऐकलं गेलं असं वाटलं.

"जमलं नाही आज बाईंना," मास्तर नंतर म्हणाले. "एकही माणूस हलला नाही."

आमच्या प्रयोगशाळेत एक साधी शिस्त आहे. काट्यावर काहीही ठेवण्याआधी तो रिकामा असताना काय दाखवतो ते बघायचं. रिकामा काटाच जर आकडा दाखवत असेल, तर पुढचं कुठलंही वजन खरं नाही. तुरुंगवाल्या बाईंची ती सभा म्हणजे रिकामा काटा होता. मग माझ्या डोक्यात तो किडा शिरला. दुपारच्या सभेत पेन्सिल उभी झाली, आणि मी मुद्दाम जराशी रेंगाळले, खालच्याच सुरावर. मोठे पाळक म्हणत होते, "हात वर करा." हात खालीच. मी वर चढले. हात वर गेले.

पुढच्या सभेत मी पुन्हा रेंगाळले. पुन्हा तसंच.

माझ्या अंगावर पुन्हा काटा आला, पण हा काटा सकाळचा नव्हता.

चहाच्या वेळी मी मास्तरांना गाठलं. ते बिस्किट बुडवण्यात गुंग होते.

"मास्तर, पेन्सिल उभी होते तेव्हाच हात वर जातात."

"मग? कधी जायला पाहिजेत?"

"देव सांगेल तेव्हा."

"देव मला सांगतो, मी तुला सांगतो." ते हसले. माणूस चांगला होता, राग येईना त्यांचा. "हे बघ, आई बाळाला थोपटते, बाळ झोपतं. फसवलं का तिने?"

"बाळाला झोप आलेलीच असते."

"मग यांच्याही मनात आलेलंच असतं. लाजतात, घाबरतात. आपण नुसतं थोपटायचं. तुमच्या विज्ञानात थोपटणं बसत नाही, त्याला मी काय करू?"

उत्तर मला सुचलं ते नेहमीप्रमाणे चहा संपल्यावर: झोपलेल्या बाळाच्या मुठीतून कुणी चावी काढून घेत नाही.

शेवटच्या दिवशी जेवणाच्या रांगेत मी आईच्या मागे उभी होते. ताटं अजून ओली होती आणि ती आपल्या पदराने माझंही ताट पुसून देत होती.

"ठरलं का तुझं?" मी विचारलं.

"समर्पणाच्या वेळी ठरेल. देव काय म्हणतो ते ऐकेन."

"आई, त्या वेळी देव बोलत नसतो. मी वाजवत असते."

ती वळली. नंबर तपासताना बघते तशी माझ्याकडे बघत राहिली. मी तिला सगळं सांगितलं, पेन्सिल, रेंगाळणं, हात. तिने मधे एकदाही अडवलं नाही.

"झालं सांगून?" मग म्हणाली. "तू वाजवतेस तेव्हा मला देव जवळ वाटतो. तू लहान होतीस, पाय खाली पोचत नव्हते, तेव्हापासून. आता ते पण मोजून माझ्याकडून काढून घेणार आहेस?"

"मी काही काढून घेत नाहीये."

"मग गप जेव. आणि मला ढकलू नकोस, इकडेही नाही आणि तिकडेही नाही."

हेच मला लागलं. वाजवलं तर मी तिला पुढे ढकलणार. तिने चावी देऊ नये म्हणून थांबले, तर मागे ओढणार. म्हणजे मोठे पाळक जे करत होते तेच मी करणार, फक्त उलट्या दिशेने. ताटातलं मी नुसतं चिवडत राहिले. शेवटी मी स्वतःला विचारलं, समोर आई नसती, दुसरंच कुणी असतं, तर? ज्या मंडळीचं नावही मला माहीत नाही तिचा प्रमुख चावी घेऊन उभा असता, तर मी वाजवलं असतं का? उत्तर 'नाही' आलं. तेवढ्यावर मी ताट धुवायला टाकलं.

समर्पणाच्या सभेत तबक एका उंच स्टुलावर ठेवलं होतं, घासून लख्ख केलेलं. दिवे मंद केले होते. मोठे पाळक बोलता बोलता हळू झाले. पेन्सिल आडवी होती आणि मी खालचे सूर धरून होते, कारण ऐन वेळी मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू? हात चालत राहिले, माझं धाडस मागे राहिलं. प्रमुखांची रांग मधल्या वाटेने पुढे यायला लागली. आई रांगेच्या मधोमध होती. पहिली चावी तबकात पडली, आणि तिचा आवाज मला ऐकूच आला नाही. तो माझ्या सुराने झाकला होता.

तिथे माझी भीती संपली. एक माणूस आपल्या लोकांचं दार देऊन टाकत होता, आणि त्याचा आवाज त्यालासुद्धा ऐकू येणार नाही अशी व्यवस्था मी करत होते.

पेन्सिल उभी झाली. मी हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

खोलीतला फ्रिज बंद पडल्यावर तो इतका वेळ गुरगुरत होता हे कळतं ना, तसं झालं. लोकांनी माना वर केल्या. मास्तरांची पेन्सिल हवेत उभी, मग आडवी, मग पुन्हा उभी. मी तिच्याकडे बघणं सोडून दिलं.

मोठ्या पाळकांनी एक डोळा उघडला. "बंधूंनो, भगिनींनो, थोडा तांत्रिक बिघाड..."

कीबोर्डजवळ गाण्यासाठी एक माइक होता. तो चालू असल्याचं माझ्या लक्षात नव्हतं. "बिघाड नाही," मी म्हणाले, आणि ते सगळ्या सभागृहात ऐकू गेलं. "वाद्य ठीक आहे. मी थांबलेय."

"का?" त्यांनी विचारलं. खरंच गोंधळून.

"चाव्या पडताना ऐकू याव्यात म्हणून."

कुणीतरी खोकलं. कुणीतरी "काय म्हणाली?" असं शेजारच्याला विचारलं. रांग जागच्या जागी उभी होती. मग एक उंच, वाकलेले म्हातारे पुढे झाले आणि त्यांनी चावी तबकात टाकली. टणकन आवाज झाला. "मला ते वाजवणं नकोच होतं," ते तबकाकडे बघून म्हणाले. "मी प्रार्थना करून आलोय." आणि ताठ मानेने परत गेले. त्यांच्यापुढे मी मनातल्या मनात वाकले. त्यांच्यामागच्या बाईंनी चावी ठेवली, आवाजाने दचकल्या, ती परत उचलली, पुन्हा ठेवली. त्यांच्यामागच्या गृहस्थांनी खिशात हात घातला आणि तो खिशातच ठेवून ते बाजूला झाले. एकामागून एक. टण. मग काहीच नाही. मग टण.

मी आईला शोधलं. ती रांगेत नव्हती. भिंतीजवळ उभी होती, मुठीत चावी, आणि माझ्याकडे बघत होती. तो चेहरा मला वाचता आला नाही.

सभा संपली तशी मला व्यासपीठामागच्या खोलीत बोलावलं गेलं. मोठे पाळक खुर्चीत बसले होते, घाम पुसत. मास्तर दाराशी.

"मुली, आज किती जणांचा निर्णय तुझ्यामुळे अडला, कल्पना आहे?"

"नाही. आणि आधी किती जणांचा माझ्यामुळे झाला, त्याचीही नाही. तेच तर म्हणतेय मी."

"पवित्र आत्म्याच्या कामात तू आडवी आलीस."

"पवित्र आत्म्याला कीबोर्ड लागतो, हे मला माहीत नव्हतं."

मास्तर आपल्या बुटांकडे बघायला लागले. मोठ्या पाळकांचा आवाज चढला नाही. तसा तो कधीच चढत नाही. "शिकलेल्या मुलींना गर्व होतो," ते म्हणाले. "देवासमोर नम्र हो. बाहेर लोक अजून आहेत. चल, आपण पुन्हा प्रार्थना घेऊ. तू वाजव."

"गर्व होतो कधीकधी," मी म्हणाले. "आत्ता नुसती भीती वाटतेय. पण मी वाजवणार नाही. तुम्ही बोला ना, पाळकसाहेब. तुमचा आवाज चांगला आहे. त्याला कशाला हवी साथ?"

त्यांनी रुमालाची घडी केली. मग मास्तरांना म्हणाले, "पुढच्या वेळी माणूस आपला घ्या." बाहेर पडताना मास्तर पुटपुटले, "मीठ नव्हतं, कळलं बरं का सगळ्यांना." टोमणा होता की कौतुक, ते मी अजून ठरवलेलं नाही.

परतताना गाडीत आई पुढे बसली होती, मी मागे.

"तुम्हा दोघींपैकी कुणीतरी बोला," मामा म्हणाला. "नाहीतर मी गाणी लावतो."

"नको," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

आई थोडी वळली. "मी चावी देणार होते."

"माहितेय," मी म्हणाले. "म्हणूनच मी सांगत होते, वाजवायला लागलं की तू..."

"काही माहीत नाही तुला. मी सकाळी ठरवलं, केस विंचरताना. तुला म्हटलं समर्पणाच्या वेळी ठरेल, ते तू डोकं खाऊ नयेस म्हणून. तिथे तुझा कीबोर्ड नव्हता आणि तुझ्या मास्तरांची ती पेन्सिल पण नव्हती. तुला काय वाटलं, तुझ्या चार सुरांवर तुझी आई विरघळून जाते?"

मला तसंच वाटलं होतं. सगळ्या सभागृहाचं निरीक्षण केलं होतं मी, आणि जिच्या घरात राहते तिच्याबद्दल आधीच निष्कर्ष काढून ठेवला होता. मामाने आरशातून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"मग दिली का नाहीस?"

"तू थांबलीस. मला वाटलं चक्कर आली तुला, दुपारी धड जेवली नव्हतीस. म्हणून रांगेतून बाहेर आले. बघते तर तू चांगली धडधाकट, तोंड तेवढं तिरसट, तुझ्या बापासारखं. परत रांगेत शिरावं तर जागा भरलेली. उभी राहिले भिंतीशी." ती रस्त्याकडे बघायला लागली. "मग ते आवाज. एकेक चावी. जड, हलकी. मला आपल्यातली एकेक माणसं आठवायला लागली. शिवणवाल्या काकू. तो वेल्डर, लेकीला खांद्यावर घेऊन गातो तो. आणि लक्षात आलं, मी कुणालाही विचारलेलं नाही. थकले मी, आणि दार द्यायला निघाले त्यांचं."

"म्हणजे मी थांबले ते बरंच झालं."

"तू थांबलीस ते तुझं तू बघ. माझ्यावर उपकार म्हणून सांगू नकोस." मग पर्समध्ये काहीतरी शोधत, तिने एक बिस्किटाचा पुडा मागे दिला. "खा. दुपारी ताट तसंच टाकलंस."

माफी मागावी का, असं मी घरी पोचेपर्यंत स्वतःला विचारत राहिले. आईची मागितली, तिला कमी लेखल्याबद्दल. मोठ्या पाळकांची अजून मागितलेली नाही, आणि मागणार नाही. परिषदेतून मी जे आणलं ते एवढंच: देवाला जर माझ्याशी बोलायचं असेल, तर त्याला जागा करून द्यायचं काम माझं आहे. त्याच्या वतीने दुसऱ्याच्या अंगावर काटा आणणं हे माझं काम नाही.

त्या रविवारी आईने प्रवचन केलं नाही. चावी हातात धरून ती आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी थकलेय. ही चावी द्यायला गेले होते, तुम्हाला न विचारता. आता विचारतेय. काय करायचं?"

मी कीबोर्डजवळ होते. माझी बोटं सवयीने पट्ट्यांकडे गेली आणि मी ती आवरली. आरशात सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसत होती.

"एकटीने कशाला वागवायची?" शेवटी शिवणवाल्या काकू म्हणाल्या. "जड झालीय तर वाटून घेऊ."

"चावी कशी वाटणार?" कुणीतरी विचारलं.

"अहो, करून घ्यायच्या. कोपऱ्यावर चावीवाला बसतो की."

वेल्डर म्हणाला, आजाऱ्यांकडे जाणं तो बघेल, पण बोलायला सांगू नका, शब्द फुटत नाहीत. काकू म्हणाल्या, बोलायचं माझ्यावर सोड, मला थांबवायला माणूस लागतो. हॉलच्या मालकाशी बोलायला चक्क मामा तयार झाला, जो त्या दिवशी आईला सोडायला म्हणून आला होता आणि आत कसा आला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

चावीवाल्याने चाव्या कापल्या तेव्हा आई स्वतः तिथे उभी राहिली आणि प्रत्येक चावी डोळ्यासमोर धरून मूळ चावीशी जुळवून पाहिली. मग त्या वाटून टाकल्या, ज्याने मागितली त्याला. पुढच्या आठवड्यात परिषदेच्या कार्यालयातून फोन आला. आमच्या मंडळीची चावी समर्पणात आली नाही, काही अडचण होती का, अजूनही पाठवता येईल, वगैरे. आई दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट बसवत होती. फोन तिने खांद्यावर धरला.

"पाठवते की," ती म्हणाली. "पण एका चावीने तुमचं काम भागायचं नाही. आमच्यात आता ती घरोघरी झालीय. तुम्हाला सगळी माणसंच बोलवावी लागतील." पलीकडून काहीतरी लांबलचक ऐकून घेतल्यावर म्हणाली, "हो, हो. प्रार्थना करा आमच्यासाठी. आम्ही पण करतोच," आणि फोन ठेवून गिऱ्हाइकाला विचारलं, "आता बरं दिसतंय?"

मला तिने एकच अट घातली. गाण्यांना वाजवायचं, प्रार्थनेला नाही. "बघू दे मला," म्हणाली, "तुझ्याशिवाय कितपत जवळ येतो तो."

त्यानंतरच्या रविवारी आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा आईने सवयीने पर्समध्ये हात घातला. चावी शोधत ती पायऱ्या चढली, एकेक गुडघा सांभाळत, आणि वर पोचून थांबली. दार आधीच उघडं होतं. आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता, आणि वेल्डरचं बेसूर गुणगुणणं. आई दारात क्षणभर उभी राहिली.

"बाजूला हो," मी मागून म्हटलं. "दारात उभं राहायचं नसतं."

"तू गप," ती म्हणाली, आणि आत जाऊन मागच्या रांगेत बसली.